उंबरठ्याच्या आतील इतिहास

परीक्षेच्या अर्जांत 'शरीरावरील ओळखीची खूण' असा एक रकाना असे. मुलांना समोर उभे करून तो रकाना भरण्याचे काम आम्ही कित्येक वर्षे केले. तीळ आणि चामखीळ सोडल्यास त्या रकान्यात काय लिहिले जाई? 'डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण', 'कपाळावर खोक पडल्याची खूण', 'हनुवटीखाली टाक्यांची खूण', 'उजव्या पोटरीवर पोळल्याचा डाग'. हे कशाने झाले असे विचारले की बहुतेक मुलांचे उत्तर एकच असे : "लहानपणी झालं, सर. मला आठवत नाही." ज्या वयाची स्मृती माणसाजवळ नसते त्या वयाचा इतिहास त्याच्या कातडीवर लिहिलेला असतो, आणि आम्ही शाळामास्तर तो केवळ ओळख पटविण्यापुरता वाचतो!

काही वर्षांपूर्वी पालकांच्या एका सभेत आम्ही मातांच्या दक्षतेविषयी चार शब्द बोललो. आईचे लक्ष असेल तर घरातील निम्मे अपघात टळतील, असा आमच्या बोलण्याचा मथितार्थ होता. सभा संपल्यावर एक बाई दाराशी थांबून राहिल्या. त्यांच्या मुलाच्या पाठीवर पोळल्याची मोठी खूण होती. त्या म्हणाल्या, "सर, ते माझ्यामुळंच झालं. पण नळाला पाणी येतं तेव्हा घरात दुसरं कुणी नसतं. पाणी भरायचं की लक्ष ठेवायचं?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे त्याचा शोध घेता घेता आम्ही एका इतिहासापाशी येऊन पोहोचलो. गरीब मातेच्या घरी जाऊन तिच्या तान्ह्या मुलास इजेपासून वाचविण्याचे जे प्रयत्न गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत निरनिराळ्या देशांत झाले, त्यांचा हा इतिहास आहे. राजकीय इतिहासाच्या ग्रंथांत त्यास सहसा स्थान मिळत नाही. कारण तो दरबारात अथवा रणांगणावर घडला नाही. तो उंबरठ्याच्या आत घडला.

या इतिहासाच्या मुळाशी एक प्रश्न सतत उभा आहे. गरिबाघरचे मूल भाजले, पडले, गुदमरले अथवा विषबाधेने दगावले, तर दोष कोणाचा? याचे सर्वांत जुने उत्तर 'दैवाचा' हे होय. दुसरे उत्तर 'आईचा' हे होय; आणि तिसरे, पुष्कळ उशिरा सुचलेले उत्तर, 'घराचा', म्हणजे ज्या परिस्थितीत ती आई मूल वाढविते तिचा. गृहभेटींचा इतिहास हा या तीन उत्तरांमधील प्रवासाचा इतिहास आहे असे आम्हांस वाटते.

या प्रवासाचा आरंभ साधारणपणे इंग्लंडातील मँचेस्टर व सॅलफर्ड या जोडशहरांपासून धरतात. कापसाच्या गिरण्यांनी ती शहरे श्रीमंत केली होती आणि त्या गिरण्यांतील कामकऱ्यांच्या वस्त्या कमालीच्या गलिच्छ होत्या. १८६२ साली तेथील काही सुखवस्तू स्त्रियांनी आरोग्यसुधारणेसाठी एक मंडळी स्थापन केली. आरंभी या स्त्रियांनी आरोग्यविषयक पत्रके छापून वाटली. पत्रकांनी काही साधत नाही हे लवकरच त्यांच्या ध्यानी आले. तेव्हा त्यांनी कामकरी वर्गातीलच चांगल्या चालीच्या स्त्रिया पगारावर नेमल्या आणि त्यांस घरोघर पाठविण्यास सुरुवात केली. साबण व जंतुनाशक भुकटी घेऊन या स्त्रिया दारोदार जात, आजाऱ्यास मदत करीत आणि तान्ह्या मुलाची निगा कशी राखावी हे सांगत. पुढे १८९० पासून मँचेस्टरची नगरपालिका यांपैकी काही स्त्रियांचे वेतन देऊ लागली. ज्यांना पुढे 'हेल्थ व्हिजिटर' म्हणू लागले त्यांची ही पूर्वपरंपरा होय. पहिल्या पिढीतच दोन गोष्टी कळून चुकल्या होत्या, त्या ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. छापील उपदेश दाराच्या आत जात नाही, ही एक. आणि दार उघडावयाचे तर ठोठावणारा हात त्याच वस्तीतला असला तर बरे, ही दुसरी.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८९२ साली बकिंगहॅमशायर परगण्यात खेड्यांतून काम करणाऱ्या स्त्रियांच्या शिक्षणाची योजना पुरस्कारिली, तेव्हा तिने हाच विचार पुढे नेला. आजाऱ्याची शुश्रूषा करणे आणि निरोगी घरातील आईस साहाय्य करणे ही दोन निराळी कामे आहेत, व दुसऱ्या कामासाठी निराळे शिक्षण हवे, असे तिचे मत होते. गावात नुसती व्याख्याने देऊन भागत नाही, व्याख्यानानंतर घरी गेले पाहिजे, आणि तेथेही पंतोजीपणा न करता आईचा स्नेह संपादन केला पाहिजे, यावर तिचा भर होता. याच सुमारास ही बाई पुण्याच्या सार्वजनिक सभेशी हिंदुस्थानातील खेड्यांच्या आरोग्याविषयी पत्रव्यवहार करीत होती, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल.

परंतु घरी जाणारी बाई स्नेही म्हणून जाते की तपासनीस म्हणून, हा प्रश्न पुढील काळात अधिक बिकट झाला. आणि त्यास निमित्त झाले ते आग व अंथरूण या दोन गोष्टींचे. इंग्लंडातील कामकऱ्याच्या एका-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कोळशाची उघडी आगटी असे. तीवरच स्वयंपाक, तीवरच कपडे वाळविणे आणि तिच्याच उबेला मुलांनी बसणे. मुलांच्या अंगावर बहुधा फ्लॅनेलेट नावाचे स्वस्त सुती कापड असे. लोकरीच्या फ्लॅनेलची ऊब सुतात आणण्यासाठी या कापडावर लव काढलेली असे, आणि ठिणगी पडताच ती लव भडकून पेट घेई. श्रीमंतांची मुले लोकर वापरीत; लोकर सहजी पेटत नाही. म्हणजे दोन घरांतील आयांचे लक्ष अगदी सारखे असले, तरी एका घरातील मूल जळण्याचा संभव अधिक होता, आणि त्याचे कारण कापडाच्या दरात होते.

अंथरुणाची गोष्ट याहून करुण. एकाच पलंगावर आईबाप व तान्हे मूल निजत, आणि सकाळी मूल मृत आढळले तर ते मोठ्या माणसाच्या अंगाखाली चेंगरले असा निर्णय कोरोनर देई. १९०८ च्या बालकविषयक कायद्याने या दोन्ही बाबतींत शिक्षा सांगितली. दारूच्या अमलाखाली निजलेल्या माणसाच्या शेजारी तान्हे मूल गुदमरून मेले, तर तो अपराध ठरला. आणि सात वर्षांखालील मुलास उघड्या आगटीच्या खोलीत पुरेशा संरक्षणाशिवाय ठेविल्यामुळे ते भाजून मेले अथवा त्यास गंभीर इजा झाली, तर दहा पौंडांपर्यंत दंड ठरला.

हा कायदा वाईट हेतूने केलेला नव्हता. आगटीपुढे लोखंडी जाळी असावी हे म्हणणे योग्यच होते. परंतु जाळी विकत घ्यावी लागे आणि ज्या घरात आठवड्याचा कोळसाच कसाबसा येई त्या घराने ती कोठून आणावी, हे कायदा सांगत नव्हता. मूल गमावलेल्या आईसच दंड करणारा हा न्याय होता. चेंगरून मेलेली म्हणून ज्या मुलांची नोंद झाली, त्यांतील पुष्कळ मुले कोणाच्या अंगाखाली सापडून मेली नसावीत, असे आज मानण्यात येते. निरोगी दिसणारे तान्हे मूल झोपेतच अकस्मात दगावते, हा प्रकार वैद्यकाने पुढे स्वतंत्रपणे ओळखला. १९९१ साली इंग्लंडात बाळास पालथे न निजविता पाठीवर निजवावे अशी मोहीम निघाली, तेव्हा अशा मृत्यूंची संख्या झपाट्याने उतरली. त्यापूर्वीच्या पिढ्यांत किती आयांनी आपल्याच हातून मूल गेले असे मानून जन्म काढला असेल, त्याचा हिशेब कोण देणार?

कायदा दंड सांगत असतानाच काही शहाण्या स्त्रियांनी दुसरी वाट धरली. केळ्यांच्या रिकाम्या खोक्यास गोणपाट लावून काही पेन्सांत पाळणा तयार होतो, हे त्या काळी मातांस दाखविण्यात येई. मूल वेगळे निजवा असा उपदेश करण्याऐवजी त्यास निजवावयास जागा देणे, हा या लहानशा युक्तीतील मोठा विचार होता.

या विचाराची खरी कसोटी लंडनच्या लँबेथ भागात लागली. १९०९ साली फेबियन स्त्रियांच्या एका मंडळाने तेथील कामकरी कुटुंबांत दर आठवड्यास गृहभेटी देण्यास आरंभ केला. आठवड्यास सुमारे अठरा ते तीस शिलिंग मिळविणारी ही कुटुंबे अगदी दरिद्री म्हणता येणार नाहीत अशी होती. प्रसूतीपूर्वी काही काळापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत आईस आठवड्यास पाच शिलिंग द्यावयाचे, मुलाचे वजन करावयाचे आणि आईने घरखर्चाचा हिशेब ठेवावयाचा, असा तो प्रयोग होता. मॉड पेंबर रीव्ह्ज या बाईंनी त्याची हकीकत १९१३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. गरीब आया अडाणी व उधळ्या आहेत म्हणून त्यांची मुले मरतात, हे त्या काळचे शिष्टसंमत मत होते. हिशेबाच्या वह्यांनी ते खोटे पाडले. पेनीपेनीचा विचार करून संसार करणाऱ्या या बायका त्यांना उपदेश करणारांपेक्षा अधिक काटकसरी होत्या. मुलांस ओटाची लापशी का देत नाही, असे बाहेरचे लोक त्यांना विचारीत. लापशी शिजवावयास घरात एकच जुने, तळ लागणारे भांडे होते, आणि लापशी खाण्याजोगी करणारे दूध व साखर परवडत नव्हती, हे घरी गेल्याशिवाय कळण्यासारखे नव्हते. शिकविण्यासाठी गेलेल्या स्त्रिया शिकून परत आल्या. गृहभेटींच्या इतिहासातील हा क्षण आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो.

लँकेशायरच्या गिरणगावांचे आणखी एक दुःख होते, आणि तेच आपल्या मुंबईच्या गिरणगावातही प्रगट झाले. म्हणून आता तिकडे वळतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील गिरणकामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांस 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे अफूमिश्रित औषध पाजीत, म्हणजे मूल दिवसभर निजून राही. पुष्कळ मुले त्या झोपेतून उठत नसत. मुंबईत याच कामासाठी 'बाळगोळी' होती. रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून आलेल्या बायका गिरण्यांच्या वाइंडिंग व रीलिंग खात्यांत राबत. त्यांची परिस्थिती तपासण्यासाठी मुंबई सरकारने १९२१ च्या सुमारास डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव मुलांस अफू देण्यात येते, असे बार्न्सबाईंनी नमूद केले.

हा आकडा वाचून सुशिक्षितांनी त्या काळी 'केवढे हे अज्ञान!' म्हणून उद्गार काढले असतील. परंतु क्षणभर त्या चाळीतील खोलीत शिरून पाहावे. आईचा गिरणीतील दिवस अकरा तासांपर्यंतचा. गावाकडची सासू, नणंद, जाऊ येथे नाहीत. खोलीत चूल आहे, पाण्याचे पिंप आहे, बाहेर उघडा जिना आहे. रांगते मूल या तिहींच्या मध्ये एकटे ठेवणे किंवा त्यास अफूची गोळी देऊन निजविणे, एवढेच दोन मार्ग त्या आईपुढे होते. मूल भाजू नये, पडू नये म्हणूनच ती ते विष देत होती! कामावर न जाणे हा तिसरा मार्ग असे, पण तो उपाशी राहण्याचा मार्ग होता. अशा आईस अफूचे दुष्परिणाम समजावून देणारी सेविका दररोज भेटली असती, तरी तिने काय करावयाचे होते?

या प्रश्नाचे उत्तर गृहभेटीत नव्हते. ते कायदे मंडळात व गिरणीच्या फाटकाच्या आत होते. बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी म्हणून रावसाहेब आसवले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली त्यास पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करतात तेथे पाळणाघर असणे बंधनकारक केले. हे पाळणाघर आणि लँबेथमधील केळ्यांच्या खोक्याचा पाळणा यांत तत्त्वतः भेद नाही. 'असे करू नका' या वाक्यास 'त्याऐवजी हे घ्या' अशी जोड मिळाल्यावाचून गरिबाच्या घरात कोणताही उपदेश टिकत नाही, हे दोन्ही ठिकाणी सिद्ध झाले.

विसाव्या शतकाच्या मध्यास या विषयास शास्त्राची बैठक लाभली. साथीच्या रोगाचा विचार जसा रोगी, रोगकारक व परिसर या तिहींच्या संबंधातून करतात, तसाच तो अपघाताचाही करता येतो, असे हार्वर्डचे जॉन गॉर्डन यांनी १९४९ साली मांडले. अपघात दैवाने होत नाहीत, त्यांनाही ठराविक वय, वेळ व स्थळ असते, हा त्याचा अर्थ. या दृष्टीचा सर्वांत सोपा व बोलका दाखला न्यूयॉर्क शहरात सापडतो. तेथील उंच इमारतींतील गरीब बिऱ्हाडांत उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवाव्या लागत आणि लहान मुले त्यांतून खाली पडत. १९७२ साली शहराच्या आरोग्यखात्याने 'मुलांना उडता येत नाही' अशा अर्थाच्या नावाने एक मोहीम काढली. परिचारिका घरी जात, आईशी बोलत, आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांना खिडकीचे गज विनामूल्य पुरवीत. ब्राँक्स भागात दोन वर्षांत अशा पडण्याच्या नोंदी निम्म्यावर आल्या. मग १९७६ साली, दहा वर्षांपर्यंतचे मूल जेथे राहते तेथे गज बसविण्याची जबाबदारी घरमालकावर टाकणारा नियम झाला. १९०८ चा इंग्रजी कायदा आणि हा नियम यांत अडुसष्ट वर्षांचे अंतर आहे. पहिल्याने आगटीस जाळी नाही म्हणून आईस दंड केला. दुसऱ्याने खिडकीस गज नाहीत म्हणून मालकास जबाबदार धरले. नैतिक इतिहासातील प्रगती म्हणतात ती बहुधा अशीच लहान व लोखंडी असते.

परंतु वस्तू दिली म्हणजे सर्व झाले, असेही नाही. घरातील प्रत्येक धोक्यास गज बसविता येत नाहीत. औषधाची बाटली कोठे ठेवावी, रडून रडून जीव नकोसा करणाऱ्या मुलापुढे आपला राग कसा आवरावा, रांगू लागण्याच्या अगोदरच घर कसे बदलावे, हे कळावयास दीर्घ सोबत लागते. त्याची कसून परीक्षा डेव्हिड ओल्ड्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने केली. बाल्टिमोर येथील एका शिशुकेंद्रात काम करीत असताना, तीनचार वर्षांच्या कित्येक मुलांना मदत पोहोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो, असे त्यास दिसून आले होते. मूल पोटात असतानाच आईकडे गेले पाहिजे, असे त्याने ठरविले. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या लहान शहरात १९७८ पासून चारशे गर्भवती स्त्रिया या प्रयोगात घेण्यात आल्या. सर्वांचे हे पहिलेच मूल होते. आणि बहुतेक जणी अगदी तरुण, अविवाहित अथवा गरीब होत्या. कोणास गृहभेटी मिळावयाच्या व कोणास नाही हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविलेले होते, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना निःपक्षपातीपणे करता आली. एका गटातील आईकडे तीच ती परिचारिका गरोदरपणात सरासरी नऊ वेळा आणि मूल दोन वर्षांचे होईपर्यंत सरासरी तेवीस वेळा गेली.

दुसऱ्या वर्षात या मुलांच्या रुग्णालयातील आकस्मिक उपचारांच्या खेपा इतर मुलांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी भरल्या. भेटी थांबल्यावरही, दोन ते चार वर्षांच्या वयात, इजा व विषबाधेचे प्रसंग ४० टक्क्यांनी कमी आढळले, आणि या घरांत धोक्याच्या जागाही कमी दिसल्या. मेंफिस शहरात १९९० पासून अकराशेहून अधिक गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांत हाच प्रयोग झाला. तेथेही पहिल्या दोन वर्षांत अशा कारणांनी डॉक्टरकडे न्यावे लागण्याचे प्रसंग २३ टक्क्यांनी कमी झाले.

इतिहासकाराने विरुद्ध पुरावाही मांडला पाहिजे. डेन्व्हर येथे परिचारिकांबरोबर अल्पशिक्षित सेविकांचीही योजना करून पाहिली, तेव्हा सेविकांच्या भेटींचा परिणाम पुष्कळच कमी भरला. इंग्लंडातील अठरा ठिकाणी एकोणीस वर्षांपर्यंतच्या सोळाशेहून अधिक मातांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. तेथे मुलांच्या आकस्मिक उपचारांच्या खेपांत घट दिसली नाही. ज्या देशात प्रत्येक नव्या आईकडे सरकारी हेल्थ व्हिजिटर जातेच, तेथे अधिक भेटींनी फारसा फरक पडला नसावा, असे त्याचे एक कारण सांगण्यात येते. म्हणजे गृहभेट हा मंत्र नव्हे. जेथे आई एकटी आहे आणि दुसरे कोणी येत नाही, तेथेच तिची किंमत सर्वांत अधिक.

आपल्याकडील उदाहरण पाहिले तर या चित्रात आणखी एक रेषा भरते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत सुरू केली. हे काम गावातल्याच, थोडे शिकलेल्या स्त्रियांनी केले; त्यांना 'आरोग्यदूत' म्हणतात. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी उतरले, हे १९९९ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेथे लढाई अपघाताशी नव्हती. जंतुसंसर्ग, गुदमरणे व थंडी यांच्याशी होती, हे खरे. पण डेन्व्हरमध्ये अल्पशिक्षित सेविका दुबळ्या ठरल्या आणि गडचिरोलीत समर्थ ठरल्या, याचा अर्थ काय? आमच्या समजुतीप्रमाणे अर्थ असा की गडचिरोलीची बाई रिकाम्या हातांनी गेली नाही. वजनकाटा, श्वास देण्याचे साधन, औषध आणि बाळास ऊब देणारी पिशवी तिच्याजवळ होती, आणि ते वापरण्याची विद्याही होती. मँचेस्टरच्या बाईजवळ साबण होता. ब्राँक्सच्या परिचारिकेजवळ गज होते. जिच्या हातात काही आहे तिच्या शब्दास वजन येते.

याच अनुभवाच्या आधारावर २०११ पासून भारतभर आशा कार्यकर्त्या नवजात बालकांच्या घरी ठराविक भेटी देऊ लागल्या. आणि २०१८ च्या योजनेने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यांच्या भेटींची त्यांत भर घातली. हे महिने पाहिले की आम्हांस आमचा तो रकाना आठवतो. मूल पालथे पडते, रांगते, धरून उभे राहते आणि पहिली पावले टाकते, ते हेच महिने होत. मनगटावरचे व कपाळावरचे बहुतेक व्रण याच काळातील असणार. गॅस आला म्हणून धोका गेला असे नाही; घरात ओटा नसेल तर गॅसची शेगडीही जमिनीवरच राहते आणि मुलाचा हात तिच्यापर्यंत सहज पोहोचतो. नवव्या महिन्याच्या भेटीत बाळाचे वजन करून झाल्यावर आशाताईंनी एकदा शेगडीकडे, रॉकेलच्या बाटलीकडे आणि पाण्याच्या बादलीकडे पाहावे, आणि त्या घरास ओटा करून घेण्यास हातभार लावण्याची सोय कोणीतरी त्यांच्या हाती द्यावी. एवढे झाले, तर हा दीडशे वर्षांचा अनुभव आपल्या कामी आला असे म्हणता येईल.

असो. ज्या बाईंच्या प्रश्नाने हा शोध सुरू झाला त्यांच्या घरी आम्ही पुढे एकदा गेलो. पूर्वीच्या सभेतील आमचे बोलणे मनाला लागून राहिले होते. तसे त्यांना सांगावे, असे मनात होते. एका खोलीचे घर, धाकटे मूल भिंतीस धरून उभे राहू लागलेले. बाईंनी विटांचे दोन थर रचून त्यांवर कडप्प्याचा एक तुटका तुकडा बसविला होता आणि शेगडी त्यावर भिंतीलगत, मुलाच्या हातास लागणार नाही अशी मागे सारून ठेवली होती. हा कडप्पा कोठून आणला असे आम्ही विचारले. "समोर बांधकाम चाललं होतं, तिथं मुकादमाला मागितला," त्या म्हणाल्या, "थोरल्याच्या वेळी हे सुचलंच नाही, सर." आम्ही क्षमा मागावी तोच त्यांनी चहा पुढे केला. तो आम्ही घेतला. आणि त्या दिवशी त्या घरात दक्षतेविषयी एकही शब्द बोललो नाही.